चौथं बोट

दुकानात वाजवून बघितलेला पियानो आणि घरात वाजणारा पियानो या दोन वेगळ्या वस्तू असतात, हे मी जन्मभर सांगत आले आहे. दुकानाचं छत उंच, भिंती रिकाम्या, विकणारा शेजारी हसत उभा. तिथे रिकामा डबासुद्धा गोड वाजतो. म्हणून मुलाने नातीसाठी डिजिटल पियानो घ्यायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली. आधी महिनाभर घरी ठेवून बघायचा, मगच हो की नाही ते सांगायचं.

दुकानदार ऐकणार नाही असं मुलाला वाटत होतं. तो माणूस मात्र लगेच तयार झाला. गोलमटोल, बोलका, सतत चष्मा कपाळावर सरकवणारा गृहस्थ. तीन पियानो ओळीने मांडलेले होते, त्यातल्या मधल्यावर त्याने हात ठेवला. म्हणाला, खालच्या किमतीचा घेतलात तर पोर वर्षात कंटाळेल, वरचा घेतलात तर वाजवणारा त्या तोडीचा लागेल, घरासाठी हाच बरा. तोवर तो मला आजी म्हणत होता. मी बसून थोडं वाजवल्यावर मॅडम म्हणायला लागला.

मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. माझा स्वतःचा जुना उभा पियानो होता. मुलाकडे राहायला आले तेव्हा हमालांनी इथल्या जिन्याचं वळण पाहून कपाळाला हात लावला, आणि तो पियानो शाळेला देऊन टाकावा लागला. निघताना मी त्याचं झाकण लावलं आणि मागे वळून पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पाहिलं होतं. शिवाय इथे खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, त्या रात्रपाळी करून दिवसा झोपतात. त्यामुळे हेडफोन लावून वाजवता येईल असंच काहीतरी हवं होतं.

खोकं घरी आलं तेव्हा त्याची चिकटपट्टी मी स्वतः कापली. परत आलेला माल नव्याच्या भावात खपवणारे दुकानदार मी कमी पाहिलेले नाहीत. पण माल कोरा होता. बटणांवरचं पातळ प्लास्टिक तसंच होतं, पट्ट्यांवर बोटाचा एक ठसा नव्हता, आतून पुठ्ठ्याचा आणि नव्या रंगाचा वास येत होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मला हे स्वतःलाच अनेकदा सांगावं लागलं.

माझी परीक्षा घ्यायची पद्धत जुनी आहे. आधी पियानो चालूच करायचा नाही. नुसत्या पट्ट्या दाबत खालपासून वरपर्यंत जायचं. खर्जाच्या पट्ट्या बोटाला जड लागल्या पाहिजेत, वर जाऊ तशा हलक्या. दाबलेली पट्टी लगेच वर आली पाहिजे, पण उसळून नाही. मग चालू करून एकच सूर भराभर वाजवून बघायचा, मग इतका हळू, की आपल्यालाच शंका यावी. हे सगळं त्याला जमलं. पेडल अर्धवट दाबलं तरी त्याला कळत होतं, फक्त ते फरशीवरून पुढे सरकायचं, म्हणून मी खाली पायपुसणं घातलं. स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेले, त्यामुळे खर्ज थोडा डब्यात बोलल्यासारखा यायचा. पेडल दाबून खूप सूर एकावर एक साठवले, की सगळ्यात जुने सूर गुपचूप नाहीसे व्हायचे, भरलेल्या खोलीतून कोणीतरी हळूच उठून जावं तसे. मधल्या किमतीच्या वाद्याकडून यापेक्षा जास्त मागू नये.

हेडफोनमध्ये मात्र तो सुरेख वाजत होता. हेडफोन लावायला पट्ट्यांच्या खाली डाव्या बाजूला दोन भोकं होती. दुकानदाराने सांगितलं होतं, एक शिकणाऱ्याचं, एक शिकवणाऱ्याचं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या कानाला खटकली. शेवटचा सूर पूर्ण विरला, की क्षणभराने हेडफोनमध्ये एक बारीक आवाज यायचा. कागद उलटल्यासारखा. वहीचं नाही, मोठं, जाड, जुनं पान.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, खऱ्या पियानोवरूनच हे आवाज घेतलेले असतात, पट्टी उठल्याचे, पेडल सुटल्याचे, तसंच काही असेल. मला पटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि तिथल्या मधल्या पियानोला हेडफोन लावून बराच वेळ बसले. त्यात पान उलटत नव्हतं. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "घरी पंखा चालू असतो का तुमच्या?"

पंखा नव्हता.

आता नातीबद्दल सांगते. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. जेवताना खुर्चीभोवती दोन फेऱ्या, पाढे म्हणताना गोल गोल, झोपेतसुद्धा डोकं पायथ्याशी आणि पाय उशीवर. तिला पियानोवर बसवायचं म्हणजे पाऱ्याला वेणी घालायची, असं तिचा बाप म्हणायचा. मी तिला पाच बोटांचा सोपा धडा दिला होता. उजवा हात, मग डावा हात, मग दोन्ही. दुपारी शाळेतून आली, की हेडफोन लावून ती तो वाजवायची, आणि मी पलीकडच्या खोलीत भाजी निवडत बसायचे.

हेडफोन लावले, की असा पियानो मुका होतो, पण अगदी मुका नाही. पट्ट्या खाली टेकतात तेव्हा ठक ठक असा बोथट आवाज होतो. ज्याने जन्मभर मुलींचे हात ऐकले, त्याला तेवढं पुरतं. भिंतीपलीकडून मला कळायचं, कुठे अडखळली, कुठे गाळलं, कुठे खिडकीतून बाहेर बघत बसली.

एका दुपारी तो ठकठकाट बदलला. सुरुवातीला लक्षात आलं नाही. मग माझे हात भाजीत थांबले. तो माझा धडा नव्हता. संथ होता, लांब होता, डावा हात आधी आणि उजवा त्याच्या मागून. थोडा वाजायचा, थांबायचा. थांबलेली जागा रिकामी वाटत नव्हती. कोणी काही सांगत असताना आपण थांबतो, तसं ते थांबणं होतं. मग पुन्हा तेच, थोडं सुधारून.

मी दाराशी गेले. भिंगरी ताठ बसली होती. समोर माझीच वही उघडी होती, माझ्याच धड्याची. ती मान डोलावत होती, हो म्हणतात तशी.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने हेडफोन काढले. मी विचारलं, हे कुठून शिकलीस. ती जरा वेळाने म्हणाली, "असंच."

तो 'जरा वेळ' मला आवडला नाही. भिंगरीचं उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं.

त्या संध्याकाळी मी मुलाला धारेवर धरलं. त्याला यंत्रांशी खेळायची खोड आहे, त्याने मोबाइल जोडून काहीतरी भरलं असेल असं मला वाटलं. त्याने शपथेवर नाही म्हटलं. मग मला सुनेचा संशय आला. माझं शिकवणं जुनाट वाटत असेल, कुठे दुसरी शिकवणी लावली असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून लपवलं असेल. सून हसायला लागली. म्हणाली, "आई, तिला शाळेत सोडायला वेळ मिळत नाही मला, शिकवणीला कधी नेऊ?" ते खरंच होतं.

मग मी पोरीचे हात बघायला लागले.

खुर्ची तिच्या उजवीकडे ओढून बसले आणि म्हटलं, वाजव, मी नुसती बघते. ती तोच संथ धडा वाजवायला लागली. हात छान होते, मनगटं सैल. आणि उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, जरासं आत वाकवून वर धरलेलं. एकाही पट्टीला ते लागत नव्हतं. जिथे ते यायला हवं तिथे मधलं बोट करंगळीवरून उडी मारून जात होतं. असं कोणी वाजवत नाही. असं कोणत्याही पुस्तकात नाही. अवघड आहे, कुरूप आहे, आणि वेगात गेलं की हमखास घसरतं.

मला ती उडी ओळखीची होती. माझ्या हातातून ती काढायला मला कितीतरी वर्षं लागली होती.

मी लहान असताना ज्यांच्याकडे शिकायला जायचे त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांची खोली रस्त्याच्या टोकाला, खिडक्या कायम बंद. आत लाकडाला लावायच्या मेणाचा वास, कोपऱ्यात एक शेगडी, आणि तो काळा पियानो, ज्यात आपला चेहरा दिसायचा पण डोळे दिसायचे नाहीत. बाईंच्या उजव्या हाताचं चौथं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. कशाने गेलं ते कोणी विचारलं नाही. त्या स्वतः वाजवून दाखवायच्या आणि आम्ही मुली हुबेहूब तसंच वाजवायचो, बोट असूनही ते वर धरून. मोठी झाल्यावर मी परीक्षेला बसले, तेव्हा परीक्षक माझे हात बघून म्हणाले होते, तुम्ही सगळ्या एकाच साच्यातून पडलात की काय? ते हसले. मीही हसले होते.

बाई शिकवताना बोलायच्या नाहीत. हातात पेन्सिल असायची, ती पियानोच्या झाकणावर आपटायच्या. एकदा टक म्हणजे थांब. दोनदा टक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि धडा चालू असताना कोणीही बोलायचं नाही. खोकला आला तरी धडा संपवून खोकायचं, असं आम्ही मुली आपसात म्हणायचो आणि खिदळायचो. रस्त्यावर आल्यावर, अर्थात.

माझी ताई खिदळायची नाही. ती माझ्याहून मोठी, माझ्याहून कितीतरी चांगली. आधी ती घरभर गायची, माझ्या वेण्या ओढायची, आईच्या नकला करायची. बाईंकडे जायला लागल्यावर हळूहळू शांत झाली. आईला बरं वाटलं. मुलगी शहाणी झाली म्हणून शेजारणींना सांगायची. मग ताई हाकेला उशिरा उत्तर द्यायला लागली. मग देईनाशी झाली. एकदा वडिलांनी टेबलावर तंबाखूचा पाइप झटकला, टक टक, आणि जेवता जेवता ताईचे दोन्ही हात ताटावरून उचलले गेले आणि टेबलावर वाजवायला लागले. आम्ही सगळे बघत राहिलो. पूर्ण वाजवून झाल्यावर तिने पुन्हा घास घेतला.

त्याच वर्षी बाईंनी गाव सोडलं आणि ताईला बरोबर मागितलं. म्हणाल्या, घरात ठेवून हिचं काय करणार तुम्ही? ताईलाही जायचंच होतं. पुढे तिचं काहीच कळेना, तेव्हा वडील बाईंनी दिलेल्या पत्त्यावर गेले. घर बंद होतं. शेजारच्यांनी सांगितलं, एकच बाई राहायची इथे, मुलगी आम्ही कधी पाहिली नाही. मात्र पियानो दोघी वाजवत असाव्यात, तसं ऐकू यायचं.

ताई परत आली नाही. आईने तिच्या पलंगावरची चादर शेवटपर्यंत बदलत ठेवली.

हे सगळं मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाला एवढंच माहीत, की मला एक बहीण होती, लहानपणी गेली. आणि ते वाकडं बोट मी शाळेतल्या एकाही मुलीला शिकवलेलं नाही. उलट ते खाली टेकवायला माझी स्वतःचीच उमेदीची निम्मी वर्षं खर्ची पडली.

मी भिंगरीला म्हटलं, बाळ, चौथं बोट खाली ठेव. मी तिचं बोट धरून पट्टीवर टेकवलं. ते थंड होतं, आणि मी सोडल्याबरोबर वर गेलं.

"हे नाही चालत," ती म्हणाली. समजावणीच्या सुरात, मोठं माणूस लहानाला सांगतं तसं.

घरात सगळे खूश होते. भिंगरी जेवताना बसून जेवत होती. शाळेतून निरोप आला, की हल्ली फार छान लक्ष देते. सून म्हणाली, पियानोचा गुण आला. मी म्हटलं, पोर फार गप्प झाली आहे. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला शांत मुलं बघवत नाहीत का, आई?" बोलण्यात कुचकेपणा नव्हता. मला माझी आई शेजारणींशी बोलताना आठवली आणि माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

मुलाला मी कागद उलटल्याच्या आवाजाचं सांगितलं. त्याने ऐकून बघितलं, त्याला काही ऐकू आलं नाही. तो मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम. मुलाला हे ऐकून फारसा आनंद झाला नाही. बाहेर आल्यावर त्याने माझा दंड जरा जास्तच काळजीने धरला. मला कळलं, की यापुढे जपून बोलायला हवं. मला वेडी ठरवलं तर पोरीकडे लक्ष द्यायला कोणी उरणार नव्हतं.

मग मी मुलाचे जुने हेडफोन शोधून काढले. भिंगरी वाजवत असताना तिच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या भोकात खुपसले. शिकवणाऱ्याच्या.

तिचे सूर ऐकू आले, स्वच्छ. आणि त्यांच्या खाली, एक सप्तक खाली, तोच धडा दुसरं कोणीतरी वाजवत होतं. अगदी हळू. भिंगरीच्या किंचित पुढे, हाताला धरून जिना उतरवावा तसं. मी तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. तो तिच्याच जागेवर होता. खर्जाच्या पट्ट्या स्थिर होत्या.

मी दुकानदाराला फोन केला. आवाज होईल तेवढा साधा ठेवून विचारलं, यात शिकवण्याची काही सोय आहे का, बरोबर वाजवून दाखवणारी. तो उत्साहाने म्हणाला, "ती याच्या वरच्यात आहे, मॅडम. तो पाठवू का?"

मी नको म्हटलं.

त्याच दुपारी भिंगरीने हेडफोन काढून, वायरीची नीट गुंडाळी करून (गुंडाळी करणं तिला कोणी शिकवलं होतं?) मला विचारलं, "आजी, मी तिकडे राहायला जाऊ?"

"तिकडे म्हणजे कुठे, राणी?"

"दोघी वाजवतात तिथे. मोठी मुलगी म्हणते, आता मी आले की तिला सुट्टी."

मी तिला मांडीवर ओढून घेतलं. ती बसली. पूर्वी ती मांडीवर दोन क्षण टिकायची नाही. ती बसून राहिली, पाठ ताठ, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली होती, मुलगा कामावर. बाहेर लख्ख ऊन होतं. भिंगरी शाळेतून आली, दप्तर ठेवलं, दूधही न पिता पियानोपाशी गेली. ठकठकाट सुरू झाला. मी आत गेले. तिने मान वळवली नाही.

मी भिंतीपाशी वाकले आणि प्लग उपटला.

पियानोवरचा हिरवा दिवा गेला.

ठकठकाट थांबला नाही.

मला वाटलं, तिला कळलं नसेल. पण हेडफोनमध्ये आवाज नसताना कोणतं मूल वाजवत राहील? मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले, प्लग हातात धरून, तिला दिसेल असा. ती माझ्याकडे बघत होती. बघत म्हणजे डोळे माझ्याकडे होते. ती मान डोलावत होती. हो. हो.

मग ती एका जागी चुकली. मधलं बोट घसरलं.

टक टक.

तो पट्ट्यांचा आवाज नव्हता. या पियानोला लाकडी झाकण नाही. आवाज लाकडाचा होता.

भिंगरीचे हात उचलले गेले आणि पहिल्यापासून सुरू झाले.

मी तिच्या कानावरचे हेडफोन काढून घेतले. तिचे हात मांडीत पडले. चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

हेडफोन माझ्या हातात होते, आणि त्यांच्यातून बारीक आवाज येत होता. मी एक बाजू कानाला लावली.

दोघी वाजवत होत्या. एक ठाम, कोरडी, घड्याळासारखी. दुसरी वळणाशी आली, की जराशी घाई करायची आणि मग स्वतःला सावरून घ्यायची, पायरी चुकता चुकता माणूस सावरतं तसं. ती घाई मी लहानपणी रोज, माझी पाळी येईपर्यंत, बाईंच्या दाराबाहेरून ऐकली आहे. त्यावरून मी तिला चिडवायचे.

मी हाक मारली नाही. तोंडापर्यंत आलेली हाक मी दातांनी धरून ठेवली.

वाजवणं संपलं. पान उलटलं. त्यानंतर जी शांतता होती, ती कोणीतरी आपल्यासाठी थांबलं असावं अशी होती.

मी हेडफोन खाली ठेवले.

पियानो दोन दिवसांत परत गेला. मुलगा नाराज झाला, पण मी हट्टाला पेटले होते आणि म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापुढे घरं नमतात. दुकानदार स्वतः आला. चष्मा कपाळावर सरकवून, जरा दुखावून त्याने विचारलं, काय कमी पडलं. मी म्हटलं, खर्ज थोडा डब्यात बोलल्यासारखा आहे, पेडल सरकतं. बाकी? बाकी सगळं आहे, मी म्हटलं, आमच्या घरासाठी जरा जास्तच आहे. तो हसला. भिंगरी दाराशी उभी राहून खोकं जिन्यावरून उतरताना बघत होती. रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल.

आठवडाभर ती तशीच राहिली. मग एका सकाळी ती जेवणाच्या टेबलाभोवती पळाली आणि खुर्चीला पाय अडकून पडली, आणि मोठ्याने रडली. मला इतका आनंद झाला, की सुनेने माझ्याकडे चमकून पाहिलं. हळूहळू भिंगरी फिरायला लागली. उशीवर पाय आले. शाळेतून निरोप आला, की फार बोलते. मी तिचं चौथं बोट रोज बघायचे, चमचा धरताना, पेन्सिल धरताना. ते बाकीच्या बोटांबरोबर होतं. माझी ताई मला वाचवता आली नव्हती, तेव्हा मी होतेच केवढी. ही मात्र राहिली, असं मी मनात म्हणायचे आणि तो विषय तिथेच बंद करायचे.

परवाची गोष्ट. दुपार होती. सून सुट्टीवर होती, स्वयंपाकघरात डबे पुसत होती. भिंगरी टेबलापाशी उभी राहून एका पायावर गिरक्या घेत मला शाळेतली काहीतरी भानगड सांगत होती. मी समोर बसले होते, चष्मा पुसत. माझ्या हातात फक्त फडकं होतं. टेबलावर काही नव्हतं.

टक टक.

भिंगरी अर्ध्या गिरकीत थांबली. तिने खुर्ची ओढली. ताठ बसली.

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "दाराशी कोण आहे बघा हो, आई."

मी उठले नाही. जरा वेळाने तीच पदराला हात पुसत आली, दार उघडलं, जिन्यात वाकून पाहिलं. कोणी नाही, असं म्हणत तिने दार लावलं आणि वळली. वळल्यावर ती तिथेच उभी राहिली.

"काय करताय तुम्ही दोघी?" तिने विचारलं.

मला तिला सांगायचं होतं. चष्मा माझ्या मांडीवर पडला होता, त्यामुळे समोरचं धूसर दिसत होतं. पण टेबलावरचे चारही हात मला दिसत होते. दोन भिंगरीचे, दोन माझे. आम्ही एकदमच सुरुवात केली होती, आणि दोघींची चौथी बोटं वर होती.

सुनेने पुन्हा विचारलं, या वेळी जरा घाबरून. पण धडा अजून चालू होता, आणि धडा चालू असताना कोणीही बोलायचं नाही.